कोळवणात राजे शोधताना

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळची कसारा लोकल पकडावी. कल्याण मागे पडले की पाठीवर सॅक, हातात छत्री आणि पायात नवेकोरे बूट घातलेली मंडळीच डब्यात उरतात. कुठे निघालात म्हणून विचारले तर निम्म्यांचे उत्तर ठरलेले असते : ‘अशोका!’ म्हणजे कसाऱ्याजवळच्या विहीगावचा धबधबा. २००१ साली शाहरुख खानचा ‘अशोका’ चित्रपट आला आणि त्याचे काही चित्रीकरण इथे झाले, म्हणून धबधब्याला हे नाव पडले असे सांगतात. गावाचे मूळ नाव मागे राहिले आणि पडद्यावरच्या सम्राटाचे नाव पाण्याला चिकटले. शहापूर तालुक्यातला आजचा सर्वांत लोकप्रिय राजा कोण, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर हे असे आहे.

खऱ्या अशोकाची खूण बघायची तर पश्चिमेला समुद्राकडे जावे लागेल. सोपाऱ्याला त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उजेडात आणला आणि आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. राजवाडाच बघायचा असेल, तर विहीगावचा तोच रस्ता पुढे खोडाळ्यावरून जव्हारला जातो. तिथे मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा उभा आहे. घुमट, खांब, भोवती झाडी असा राजवाड्याला लागतो तो सगळा थाट तिथे आहे. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि हा राजवाडा ठाणे जिल्ह्यातून गेला. उरलेल्या ग्रामीण ठाण्यात, म्हणजे शहापूर आणि मुरबाड या दोन डोंगराळ तालुक्यांत, तिकीट काढून आत जावे असा एकही राजवाडा नाही. संगमरवरी समाधी नाही, कारंज्यांचा बाग नाही.

राजे मात्र आहेत. जुन्या काळी यातल्या बऱ्याच मुलखाला कोळवण म्हणत. त्या कोळवणाच्या डोंगरकडेला एक अख्खे राजघराणे भिंतीवर उभे होते. एका सल्तनतीचा शेवट इथल्या एका गडावर झाला. आणि या सगळ्यांहून अधिक माणसांना आपल्याकडे ओढणारे स्मारक ज्याचे आहे, तो तर राजाही नव्हता.

सुरुवात मुरबाडकडून करावी. कल्याणहून माळशेजमार्गे नगरला जाणाऱ्या एसटीने टोकावडे ओलांडले की वैशाखरे येते. गावाच्या थोडे पुढे रस्त्याच्या कडेला नाणेघाटाची पाटी दिसते. तिथे उतरायचे आणि चालू लागायचे. सुरुवातीला जंगलातली सपाट वाट, मग ओढे, मग दगडी पायऱ्यांचा चढ. अंगठ्यासारखा उभा राहिलेला एक कडा सतत डोक्यावर असतो. त्याला नानाचा अंगठा म्हणतात. माणूस बरा चालणारा असेल तर अडीच-तीन तासांत माथ्याजवळ पोहोचतो.

जुन्नरच्या बाजूने गाडी थेट घाटमाथ्यापर्यंत येते आणि चार पायऱ्या उतरले की लेणे दिसते. सोय आहे खरी, पण अशाने लेणे कळत नाही. कोकणातून घामाघूम होऊन चढणाऱ्याला आधी लेणे भेटते, मग खिंड आणि खिंडीपलीकडे तो प्रसिद्ध दगडी रांजण. हा क्रम मुद्दाम आखलेला आहे. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांतून माल घेऊन निघालेले तांडे इथून जुन्नरला आणि पुढे पैठणला जात. चढ संपता संपता, दम लागलेला असताना त्यांना पहिल्यांदा काय दिसावे, हे कुणीतरी विचार करून ठरवले होते.

दिसायचे ते राजघराणे. साधारण एकोणतीस फूट लांब-रुंद अशी खोली कातळात खोदलेली आहे आणि तिच्या तीन बाजूंना बसायला दगडी कट्टा आहे. मागच्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्या आठ आकृती होत्या. आज त्या नाहीत. प्रत्येकाच्या डोक्यावर कोरलेली नावे तेवढी राहिली आहेत, आणि तीही सगळी नाहीत. पहिला राजा सिमुक सातवाहन, म्हणजे घराण्याचा मूळ पुरुष. त्याच्या शेजारी देवी नायनिका आणि राजा श्रीसातकर्णी, दोघांच्या माथ्यावर मिळून एकच ओळ. मग कुमार भाय. पुढच्या एका जागेवरचे काही वाचता येत नाही. त्यानंतर महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि आणि शेवटी कुमार सातवाहन.

यादी नुसती वाचली तर वंशावळ वाटते. थोडे थांबून वाचले की तिच्यात एक बाई दिसू लागते. नायनिका, म्हणजेच नागनिका, ही सातकर्णीची राणी आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते महारठी त्रणकयिराची मुलगी. राजा वारला, मुले लहान होती. तिने हे दालन खोदवून घेतले आणि त्यात सासरच्या मूळ पुरुषाच्या रांगेत आपल्या बापाला उभे केले. घराणे सातवाहनांचे, पण भिंतीवर जागा माहेरालाही! दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढून येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला तिने हे दाखवले.

डाव्या-उजव्या भिंतींवर तिचा लांबलचक लेख आहे, दोन्हीकडे दहा-दहा ओळींचा. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ इसवी सनापूर्वीचे पहिले शतक. काहींच्या मते त्याच्याही आधीचा. लेखात राणीची ओळख आहे : महिना-महिना उपवास करणारी, घरात राहूनही तपस्विनीसारखी वागणारी. पण लेखाचा मोठा भाग म्हणजे सरळसरळ खर्चाचे टिपण आहे. अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञ, त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, गावे आणि रोख रक्कम. एका यज्ञाची दक्षिणा २४,४०० कार्षापण, आणि त्याच यज्ञात बघ्यांना व नोकरचाकरांना वाटलेले ६,००१ कार्षापण. त्या वरच्या एका कार्षापणापाशी वाचणारा थबकतोच. शुभकार्यात पाकिटात शंभरावर एक रुपया घालणाऱ्यांना त्याचे फारसे नवल वाटणार नाही.

या आकड्यांमुळेच नाणेघाट जगभरच्या गणित-इतिहासकारांना ठाऊक आहे. भारतात संख्याचिन्हे कशी लिहीत, याचे इतके जुने आणि इतके भरगच्च उदाहरण विरळा. तिथे शून्य नाही, स्थानमूल्य नाही. हजाराचे एक चिन्ह, त्याला चाराचे चिन्ह जोडले की चार हजार. शंभराचे वेगळे, दहाचे वेगळे. २४,४०० म्हणजे वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी चिन्हे एकापुढे एक मांडायची. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स यांनी या लेण्याकडे युरोपीय अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे सोपाऱ्याचे तेच भगवानलाल इंद्रजी इथेही आले आणि ब्यूलर यांनी १८८३ साली लेखाचे वाचन प्रसिद्ध केले. वा. वि. मिराशींनी सातवाहनांवर लिहिताना या लेखाचा पुन्हा कीस काढला. खिंडीपलीकडचा रांजण मात्र अभ्यासकांपेक्षा लोकांचा लाडका. जकातीची नाणी त्यात टाकत, तो भरला की दिवस भरला, असे सांगतात. ‘नाणेघाट’ नावाशी त्याचा मेळ इतका सुरेख बसतो की शंका घ्यायला कुणी धजत नाही.

मेलेल्या राजांच्या मूर्ती एका दालनात ओळीने मांडायची ही रीत भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकात येते. आजोळाहून परतणारा भरत अयोध्येबाहेर अशाच प्रतिमागृहात शिरतो, आपल्या पूर्वजांचे पुतळे पाहतो आणि त्यांत बापाचा पुतळा दिसल्यावर त्याला कळते की दशरथ आता नाही. मथुरेजवळ माट इथे कुषाण राजांचे असेच देवकुल सापडले. तिथला कनिष्क डोके गमावून बसला, पण नाव आणि बूट घेऊन उभा आहे. नाणेघाटात नाव आहे, खाली माणूस नाही. ती मोकळी जागा बघून काहींना तिथे स्वतःचे नाव कोरायची हौस येते. खिळ्याने, चुन्याने, ऑइलपेंटने. सातवाहनांच्या पंक्तीत बसायची ही घाई समजून घेणे कठीण आहे.

नाणेघाटाच्या माथ्यावर उभे राहिले की शेजारी जीवधन दिसतो. चारी बाजूंनी तासलेला, पुढ्यात वानरलिंगी सुळका. इथून गोष्ट सतराव्या शतकात उडी मारते आणि मुरबाडच्या माथ्यावरून शहापूरच्या डोंगराकडे जाते.

१६३३ साली मोगलांनी दौलताबाद घेतला आणि निजामशाही संपली असे दिल्लीने मानले. शहाजीराजांनी मानले नाही. निजामशाही कुळातले एक पोर जीवधनावर कैदेत होते. राजांनी त्याला सोडवले, संगमनेरजवळच्या पेमगिरीवर नेले आणि मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवले. मूल गादीवर आणि कारभार शहाजीराजांच्या हाती, अशी ही सल्तनत सुमारे तीन वर्षे चालली. १६३६ च्या सुरुवातीला शाहजहान स्वतः दख्खनेत उतरला. मे महिन्यात त्याचा आदिलशहाशी तह झाला, निजामशाही मुलूख दोघांनी वाटून घ्यायचा ठरला आणि शहाजीराजांच्या पाठीमागे दोन फौजा लागल्या : मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान. राजे कोकणात उतरले. पोर्तुगीजांकडे आश्रय मागितला, तो मिळाला नाही. मग त्यांनी माहुली गाठला.

आसनगाव स्टेशनवर उतरले की तो डोंगर समोर दिसतो. एकसंध नाही, दात पडलेल्या जबड्यासारखा. उत्तरेला पळसगड, मध्ये माहुली, दक्षिणेला भंडारगड, आणि कड्यापासून सुटून उभे राहिलेले सुळके. त्यांतल्या दोघांना लोकांनी नवरा-नवरी केले आणि लग्न लावायला एक भटजीही दिला. उंची २,८१५ फूट. पायथ्याच्या माहुली गावातून चढायला अडीच-तीन तास लागतात. वाट तानसा अभयारण्याच्या जंगलातून जाते आणि शेवटच्या टप्प्यात लोखंडी शिडी आहे.

वर पोहोचलेला माणूस आधी राजवाडा शोधतो. राजे इथे राहिले, जिजाऊसाहेब आणि सहा वर्षांचे शिवबा इथे होते असे मानतात, तर वाडा असायला हवा. आहे, म्हणजे जोते आहे. कारवीच्या रानात घुसले की हाताखाली घडीव दगड लागतात, भिंतीचा एखादा थर, नमाजगीर, तळे. महादरवाज्यापाशी पहारेकऱ्यांच्या देवड्या शाबूत आहेत आणि मुक्काम करणारे त्यांतच पथारी टाकतात. भंडारगडाकडे जाताना मधल्या खिंडीत कल्याण दरवाज्याची अवघड वाट आहे. दालन, महाल, दिवाणखाना असे दाखवायला गाइड नाही, आणि असता तर त्याची पंचाईत झाली असती. इथे वास्तू बघायची नाही, जागा बघायची. तिन्ही बाजूंना कडे, खाली दोन बादशाह्यांचे तळ आणि वर एक मूल, ज्याच्या नावाने अजून एक राज्य चालू आहे असे म्हणायचे.

वेढा पावसाळ्यापलीकडे लांबला. बाहेरून मदत येण्याची चिन्हे नव्हती. अखेर तह झाला. मूल मोगलांच्या हवाली करायचे आणि शहाजीराजांनी आदिलशाही चाकरीत जायचे. जीवधनावरून ज्याला सोडवून आणले, त्याला माहुलीवरून परत द्यावे लागले. अहमदनगरची निजामशाही इथे संपली. तिच्या राजधानीत भुईकोट आहे, फराहबाग आहे, कबरी आहेत. शेवट मात्र आसनगावहून दिसणाऱ्या या डोंगरावर झाला आणि तिथे त्याची साधी शिळाही नाही.

याच काळात शाहजहान यमुनेकाठी बेगमेच्या कबरीचे काम करवून घेत होता. ताजमहालाचे बांधकाम १६३२ मध्ये सुरू झाले होते. त्याला बाग हवा होता, पाण्याचे पाट हवे होते. त्याच्या फौजेने माहुलीखाली पावसाळा काढला तेव्हा भोवती होती ती कारवी, साग आणि चिखल. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. तो हंगाम साधला तर सबंध पठार जांभळे होते, आणि माळी कोणी नाही. बाग म्हणून दाखवावे असे या दोन तालुक्यांत दुसरे काही असेल, तर ते गोरखगडाच्या गुहेपुढचे चाफे. देहरी गावातून चढून गेले की कातळात खोदलेली खांबांची गुहा येते, आणि तिच्या अंगणात दरीच्या कडेला चाफा. समोर मच्छिंद्रगडाचा सुळका. हे स्थान नाथपंथीयांचे, राजांचे नव्हे. पण आग्र्याच्या बागेत बसायला जितकी जागा मिळते त्यापेक्षा इथे नक्कीच जास्त मिळेल.

माहुलीची पुढची कहाणी झटपट सांगता येते. शिवाजी महाराजांनी १६५८ मध्ये गड घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यांत माहुली गेला. फेब्रुवारी १६७० मध्ये मराठ्यांनी रात्री शिड्या लावून हल्ला केला. किल्लेदार मनोहरदास गौड सावध होता, हल्ला फसला आणि हजारभर माणसे पडल्याची नोंद आहे. सिंहगड त्याच महिन्यात सर झाला होता. तानाजींचे नाव घराघरात आहे. माहुलीच्या कड्याखाली पडलेल्या त्या हजारांचे पोवाडे कानावर येत नाहीत. जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड पुन्हा जिंकला.

पळसगडाच्या बाजूने पाहिले तर खाली तानसाचा जलाशय चमकतो. १८९२ मध्ये पुरे झालेले ते धरण आणि नंतरची मोडकसागर, मध्य वैतरणा, भातसा ही सगळी याच परिसरातली. मुंबईच्या घराघरातले बरेचसे पाणी इथून जाते. एप्रिल-मे आला की ह्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. गडावरून तळे दिसते आणि गावातली रांग दिसत नाही, हा उंचीचा दोष.

आता तो, जो राजा नव्हता.

मुरबाडहून म्हसामार्गे नारिवलीला जावे. म्हसा पौष पौर्णिमेच्या यात्रेसाठी आणि बैलबाजारासाठी प्रसिद्ध; घोंगड्यांसाठीही. नारिवलीच्या पुढे भीमाशंकर अभयारण्याचे दाट रान सुरू होते आणि समोर सिद्धगड उभा राहतो. या गडाच्या पायथ्याच्या जंगलात, बोरवाडीजवळ, एक स्मारक आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल आणि हिराजी पाटील यांचे.

कोतवालांचा जन्म माथेरानचा, १ डिसेंबर १९१२ चा. घर नाभिकाचे, परिस्थिती बेताची. शिकून ते वकील झाले आणि माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही. पण लोक त्यांना भाई म्हणत ते वकिलीमुळे नाही. खावटीसाठी भात उचलायचे आणि सावकाराला दामदुपटीने फेडायचे, या चक्रातून शेतकऱ्यांना आणि आदिवासींना सोडवायला त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, गावोगाव शाळा सुरू केल्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक आली आणि भाई भूमिगत झाले. आझाद दस्ता उभा राहिला.

दस्त्याचे काम मोजके आणि नेमके होते. मुंबईच्या गिरण्या, कारखाने आणि रेल्वे यांना वीज पोहोचवणाऱ्या तारा याच डोंगरातून जात. त्यांचे मनोरे पाडायचे. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात असे अकरा मनोरे त्यांनी पाडले. हे काम करणारे बहुतेक शेतकरी आणि आदिवासी होते. जंगलातली प्रत्येक पायवाट त्यांच्या ओळखीची होती आणि पोलीस शहरातून आलेले. त्यामुळे दस्ता महिनोन्‌महिने सापडला नाही. सापडला तो बातमी फुटली म्हणून. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी मुक्कामाला वेढा घातला. गोळीबारात हिराजी पाटील पडले, भाई कोतवाल पडले. भाईंचे वय तीस वर्षे आणि एक महिना.

स्मारक बघायला भव्य नाही. शासनाने अनेक ठिकाणी उभारलेल्या हुतात्मा स्मारकांच्या पठडीतलेच. रचना, शिल्प, बागकाम या निकषांवर त्याला गुण देऊ लागलो तर काठावर पास होईल. तरीही या लेखात पाहिलेल्या सगळ्या ठिकाणांत फक्त इथे दरवर्षी ठरलेल्या तारखेला माणसे जमतात. आदल्या रात्रीपासून येऊ लागतात. कर्जत-नेरळकडची, मुरबाडची, कल्याण-उल्हासनगरची. थंडीत शेकोट्या पेटतात, मशाली येतात, आणि ज्या वेळी ते दोघे पडले त्या पहाटेच्या वेळेला मानवंदना दिली जाते. नागनिकेने सासर-माहेर मिळून आठ जणांची सोय केली होती, आणि ती चांगली दोन हजार वर्षे टिकली. तिच्या दालनात दिवा लावायला मात्र तारीख ठरलेली नाही.

जायचे असेल तर दिवाळीनंतरचे दोन महिने बरे. ओढे उतरलेले असतात, गवत पिवळे पडते, पायऱ्यांवरचे शेवाळ वाळते. नाणेघाटात विजेरी न्यावी, तिरकस उजेड टाकला की अक्षरे उठून दिसतात. बोट मात्र त्यांच्यावरून फिरवू नये आणि शेजारी आपले नाव लिहू नये. माहुलीला पाणी भरून न्यावे, जोत्यांवर चूल मांडू नये. सिद्धगडाला मात्र २ जानेवारीलाच जावे, अंधार असताना निघावे आणि उजाडायच्या आत स्मारकापाशी पोहोचावे.